नावापायी थांबलेली फटफटी

कंदील जरा खाली ठेव रे, डोळ्यांवर येतोय. आणि ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या. मधे दात काढलेले मला चालायचे नाहीत. धाकू तेलवाला माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस, आणि जे सांगतोय ते त्याच्यावर गुदरलेलं आहे.

साल एकोणीसशे चौतीस. मार्गशीर्ष वद्य षष्ठी, बुधवार. सकाळी धाकू घरातून निघाला तो बंदरावर, बाबू रंगाऱ्याला बोलवायला. बाबू गलबतांवर नावं लिहायचा. धाकूला नाव लिहून हवं होतं, पण गलबतावर नव्हे, फटफटीवर.

धाकू बारा वर्षं आगबोटीच्या इंजिनात तेल घालत होता, म्हणून तेलवाला. पुढे बोट सोडून रत्नागिरीत भाताच्या गिरणीवर इंजिन चालवायला राहिला. फटफटी त्याला मिळाली एका बदलून गेलेल्या साहेबाच्या बंगल्यामागे, गोठ्यात. मोठ्या लढाईच्या वेळची. टाकीला भोक पडलेलं, टायरच्या चिंध्या झालेल्या, आणि दट्ट्या आत गंजून असा बसलेला की हलायचं नाव नाही. धाकूनं त्याआधी फटफटी कधी उघडलीसुद्धा नव्हती. त्यानं दट्ट्या रॉकेलमध्ये भिजत ठेवला आणि रोज संध्याकाळी लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत बसला. बाविसाव्या दिवशी तो बोटभर सरकला, तेव्हा या गड्यानं गिरणीत सगळ्यांना गूळ वाटला. चाक फिरवायचा पट्टा गिरणीच्या जुन्या पट्ट्यातून कापला, कार्बाइडचा दिवा एका लाँचीवरून आणला. लोक विचारायचे, काय धाकूशेट, कलेक्टर झालात वाटतं? तो नुसता हसायचा.

बाजूला जोडायची एकचाकी बैठक मात्र त्यानं स्वतःच्या हातानं बांधली. फणसाच्या फळ्या, आत वेताची बसण. साहेबलोक तिला साइडकार म्हणतात. धाकू होडी म्हणायचा.

ही होडी मालनसाठी होती. मालन त्याची बायको. पहिल्या खेपेला ती माहेरी, पालीच्या अलीकडच्या वाडीत, अडली. रात्रभर बैलगाडीतून आणली आणि इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत पोर पोटातच गेलं. आता दुसरी खेप. तिच्या आईनं हट्टानं तिला पुन्हा माहेरी नेलं. निघताना धाकूनं बायकोला शब्द दिला, या वेळी आठ दिवस आधी मी येतो, माझ्या गाडीतून तुला इस्पितळात आणतो. एवढ्यासाठी सगळा खटाटोप. निदान सुरुवातीला तरी एवढ्याचसाठी.

पुढे काय होतं, ते स्वतः काही बांधल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. गाडी दिवाळीतच चालायला लागली होती. पण मग धाकूला हँडल बुटकं वाटलं, ते वाढवलं. मग निळ्या रोगणाचे चार हात, प्रत्येक हात वाळवून घासलेला. आणि सगळ्यात शेवटी नाव. धाकूच्या घराण्यात नाव लिहिल्याशिवाय होडी पाण्यात ढकलत नसत. बापानं ती रीत पाळली, आज्यानं पाळली. यानं ती रस्त्यावरच्या होडीला लावली.

त्याच बुधवारी दुपारी मालनचा भाऊ काशीराम कोल्हापूरच्या मोटारीतून उतरला आणि थेट धाकूच्या पडवीत आला. मी तिथंच होतो.

"मालनचे पाय सुजलेत, भावोजी. तोंडावर पण सूज हाय. सुईण म्हणते, दिवस घालवू नका. उद्याच्या मोटारीत बसवून आणू काय तिला?"

"मोटारीत नको रे. माणसं कोंबतात मेले. मी येतंय गाडी घेवन."

"कदी?"

"नाव झालां की."

काशीरामनं फटफटीभोवती एक फेरी मारली. "चालते ना ही?"

"चालते म्हंजे? घोड्यावानी."

"मग आत्ताच चला की."

"रोगण वलां हाय. आणि नावाशिवाय भायर काढायची नाय. एक दिवस रे. उद्या येतंय म्हणून सांग तिला."

काशीराम वयानं लहान. बहिणीच्या नवऱ्याशी वाद काय घालणार? संध्याकाळच्या मोटारीनं परत गेला. मालन कपड्यांचं गाठोडं बांधून बसली.

गुरुवारी बाबू रंगाऱ्याला ताप भरला. शुक्रवारी तो आला, 'मा' लिहिला, आणि धाकूला काना वाकडा दिसला. पुसायला लावला. मी तेव्हाही तिथं होतो. मी तोंड उघडलं नाही, हे आज तुम्हाला सांगतो. चूक एकट्या धाकूची नव्हती.

शनिवारी दिवेलागणीला नावाखालची पिवळी रेघ ओढून झाली. आठ वाजता धाकू निघाला. वद्य नवमी. चंद्र उगवायचा तो मध्यरात्रीनंतर.

मिरजोळं गेलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रिकामी होडी खड्ड्याखड्ड्यात उडत होती. हातखंब्याचा चढ लागला तेव्हा नऊ वाजून गेले होते. वळणावर दिव्याचा झोत फिरला आणि धाकूनं ब्रेक दाबला.

रस्त्याच्या कडेला मालन उभी होती. डोक्यावरून चादर. हातात गाठोडं नव्हतं.

"एकटी कशी आलीस गो? काशीराम कुठाय?"

ती काही बोलली नाही. रागावली असेल, रागवायचीच. धाकूनं होडीचं दार उघडलं. ती आत बसली. होडी खाली दबली. त्यानं गाडी वळवली आणि परत निघाला.

आता होडी उडत नव्हती. धाकूला बरं वाटलं. तो बोलत राहिला. रोगणाचं बोलला. बाबूच्या तापाचं बोलला. काना पुसून पुन्हा काढला ते सांगितलं.

"नाव बघितलंस का गो?"

...

"थंडी वाजते?"

...

उतारावर पट्टा निसटला. इंजिन बंद पडलं. धाकू उतरला आणि होडीकडे पाठ करून पट्टा चढवायला बसला.

कुठं पान हलत नव्हतं.

मागून श्वास ऐकू येत होता. सावकाश. लांब...

आणि दुसरा. बारीक. भरभर.

धाकूचे हात थांबले.

दोन श्वास. होडीत एकटी मालन. दोन...

त्यानं वळून बघितलं नाही. का नाही, ते त्याला कधी सांगता आलं नाही. पट्टा कसा चढला, तेही नाही. त्यानंतर रत्नागिरीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. होडीही बोलली नाही.

इस्पितळाच्या पायऱ्यांशी त्यानं गाडी उभी केली. रखवालदार कंदील घेऊन आला.

"कोणाक उतरवायचाय?"

"बायको. लवकर. बाळंतपण..."

रखवालदारानं कंदील होडीत धरला. मग धाकूच्या तोंडाजवळ धरला. मग पुन्हा होडीत.

"कोणच नाय, भाऊ."

धाकू पायरीवर बसला तो उठला नाही. रात्री दीडच्या सुमाराला बैलगाडी आली. पुढे काशीराम, मागे चादरीखाली मालन. तिला बुधवारपासून वाट बघायला लावलीत, म्हणाला काशीराम. शनिवारी दुपारी कळा सुरू झाल्या, तेव्हा मोटार निघून गेलेली. गाडी जुंपली. हातखंब्याच्या वळणाजवळ ऐन दिवेलागणीला ती गेली. पोर पोटातच. तिच्या आईनं हंबरडा फोडला, आणि पुढं जायचं की मागं फिरायचं ते कोणाला सुचेना, म्हणून बैल सोडून सगळे तिथंच बसले होते.

"तुमी नवाला आलात, भावोजी. आमच्यापासून धा पावलांवर थांबलात. मी हाका मारल्या, आईनं मारल्या. तुमी बगितलां नाय. दार उघडलां, रिकाम्या जाग्याशी बोललात, आणि गाडी फिरवून गेलात."

काशीराम गाडीवरून उतरला, होडीवरचं नाव त्यानं कंदिलात वाचलं आणि म्हणाला, "अक्षर चांगलां आलाय."

एवढंच म्हणाला. पण धाकूला तेवढं पुरलं. मला विचाराल तर जन्माला पुरलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फटफटी मागच्या खोपीत ढकलली आणि कुलूप घातलं. किल्ली करगोट्याला. वर्षभर ती खोप कोणी उघडली नाही, मी शेजारी राहतो, मला माहीत आहे. पुढच्या मार्गशीर्षात राजापूरचा एक दुकानदार फटफटी विकत घ्यायची म्हणून आला. आम्ही तिघं मिळून गेलो. कुलपाला गंज चढला होता, ते तेल सोडून उघडावं लागलं.

आत सगळ्यावर बोटभर धूळ. टाकीवर, हँडलवर, वेताच्या बसणीवर. सगळीकडे सारखी, कुठं धक्का नाही. दुकानदार इंजिनाकडे वाकला. मी होडीकडे वाकलो, आणि मग धाकूला हात केला.

होडीच्या काठावर धुळीत बोटं उमटली होती. चार इकडं, चार तिकडं. तांदळाच्या दाण्याएवढाली.

धाकू येऊन वाकला. दुकानदाराला म्हणाला, विकायची नाय. दुकानदार कुरकुरत गेला. मग धाकू होडीजवळ खाली बसला आणि काठाला हात न लावता हळूच म्हणाला, "वर्साचां झाला आता. धरून उभां ऱ्हातां."

खोपीतल्या जमिनीवरही धूळ होती आणि तिच्यावर आम्हा तिघांचीच पावलं होती. बोटं काठाच्या आतल्या बाजूनं उमटलेली होती.