मान कुठल्या बाजूने हलली

खरी गोष्ट आहे. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

माझी मावसबहीण नेवेना आपल्या पोलिश नवऱ्याला, विटोल्डला, आमचं सोफिया शहर दाखवायला आली होती. गेला ऑक्टोबर. मंगळवार.

रात्रबित्र नव्हती. दुपारचे तीन. ट्राम खडखडत होत्या, बाकावर एक म्हातारी सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.

आमच्याकडे काही दुकानं तळघरात असतात. खिडकी फुटपाथला टेकलेली. गिऱ्हाईकाने उकिडवं बसून मागायचं.

"राजधानी म्हणे! आणि पाण्यासाठी बेडकासारखं बसायचं?" विटोल्ड म्हणाला.

"बस गपचूप. तेवढंच पोट उतरेल," नेवेना म्हणाली.

तो बसला.

आतून हात आला... नुसता हात. नखांत ओली माती. हातात पाण्याची बाटली.

मग आवाज.

"खाली येतोस का, बाळा?"

विटोल्डला आमची भाषा येत नाही. त्याला वाटलं, म्हातारा आणखी काही विकतोय. नको म्हणून त्याने मान आडवी हलवली.

नेवेनाने त्याचा खांदा धरला.

आमच्यात आडवी मान म्हणजे हो. उभी म्हणजे नाही.

"नाही म्हणतोय तो, आजोबा," ती घाईने वाकली. "परका आहे हो..."

पण आता खिडकीला फळ्या ठोकलेल्या होत्या. खिळे गंजलेले.

ट्राम ऐकू येईनात. बियाही...

बाजूच्या दारावर, आमच्याकडे लावतात तसा, मयताचा कागद चिकटवलेला. फोटो पार उडालेला.

"तो दुकानदार," बाकावरची म्हातारी म्हणाली. "जाऊन सात वर्षं झाली. पाय मोडून पडला होता खाली. हाका मारायचा, खाली या म्हणायचा."

"मग? गेलात तुम्ही?" नेवेनाने विचारलं.

म्हातारीने मान हलवली. उभी.

अकरा दिवसांनी वास सुटला, तेव्हा दार फोडलं. माझंच शहर आहे हे. इथे गुडघ्याखाली कोणी बघत नाही.

विटोल्डच्या हातातली बाटली मात्र खरी होती. अर्धी त्याने पिऊन टाकली होती.

घरी परतल्यापासून तो फारसा बोलत नाही. स्वयंपाकघरात, ओट्याखाली उकिडवा बसलेला सापडतो.

परवा नेवेनाने धीर करून विचारलं, "तू माझा विटोल्डच आहेस ना?"

त्याने मान हलवली.

उभी.

"त्यांच्यातली हो, की आपल्यातली नाही?" ती मला फोनवर विचारत होती. हळू आवाजात. तो शेजारच्या खोलीत होता.