भरलेली खाच

२००४ साली माझ्या वर्गातले बहुतेक जण हिंजवडीच्या कंपन्यांत रुजू झाले होते आणि मी बाणेर रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत प्रियदर्शनी मॅडमच्या हाताखाली प्रथिनांचे स्फटिक वाढवत होतो. मित्र माझी कीव करायचे. मला मात्र मॅडमचा हात चालताना बघण्यातच पगार मिळाल्यासारखं वाटे.

आमचं प्रथिन म्हणजे पहारेकरी. पेशीला मरणाचा हुकूम सुटला तरी ते तो अडवून धरतं. त्याच्या अंगावर एक खाच असते. तिथे काही अडकून बसलं की पहारा उठतो आणि पेशी मुकाट्याने स्वतःला आवरून घेते, मागे पसारासुद्धा ठेवत नाही. "आपल्या खात्यापेक्षा शिस्त आहे," मॅडम म्हणायच्या.

प्रथिनाच्या द्रावणाचा थेंब लावून ठेवला की त्यात स्फटिक वाढतो; त्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून मी संगणकावर प्रथिनाचा आकार काढायचो. त्या पावसाळ्यात मॅडमनी लावलेल्या थेंबांत ती खाच भरलेली दिसू लागली. आम्ही तिथे काहीच घातलं नव्हतं. रसायनं बदलली, पाणी बदललं, हातमोजे बदलले. माझ्या थेंबांत खाच रिकामी. त्यांच्या थेंबांत भरलेली, आणि दर खेपेला जास्त ठळक.

त्याच सुमारास मॅडमचं घड्याळ मनगटावरून घसरू लागलं. त्या पट्टा एकेक भोक आत घेत गेल्या. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडेना. मी घाबरून म्हणालो, "मॅडम, यापुढे थेंब मी लावतो. तुम्ही हात लावू नका."

"अहो शरच्चंद्र, थेंब मला काही करत नाहीयेत. ते फक्त कळवताहेत."

मग बराच वेळ त्या तो आकार पडद्यावर फिरवून पाहत राहिल्या. "काय सुबक बसलंय हो," एवढंच म्हणाल्या. मला रडू आवरेना.

त्यांनी पुस्तकं वाटून टाकली, टेबल पुसलं, कप धुऊन पालथा ठेवला. दिवाळीआधी झोपेतच गेल्या. कुणाला त्रास दिला नाही.

त्यांचं काम अर्धवट राहू नये म्हणून मी माझं घड्याळ काढून ठेवलं, नवे हातमोजे घातले आणि थेंब लावले. इतके देखणे स्फटिक मी तोवर पाहिले नव्हते.

पडद्यावर आकार उमटला.

खाच भरलेली होती. फिकट, पण खरंच सुबक.

मी घड्याळ पुन्हा हातात घातलं. नेहमीच्या भोकात ते सैल बसलं.