ताणलेला पट्टा

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर एक सायकल डोळ्यांसमोर आणा.

साधीच सायकल. सीटखाली एक आडवा दांडा, दांड्याला जाड स्प्रिंग, स्प्रिंगला पट्टा. आणि पट्ट्याच्या टोकाला, पळायला आसुसलेला एक कुत्रा.

दिसला? मग ऐका.

हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी, तिच्या लेकीच्या बाबतीत. थंडीचे दिवस होते, शनिवार होता, आणि संध्याकाळीच धुकं उतरलं होतं. कुणी म्हणतं, पोरीला भास झाला. पण तिच्या बापालाही झाला का मग?

लेकीला सगळे मनी म्हणत. कुत्र्याचं नाव भुंगा. "मांजरानं कुत्रा पाळलाय," असं म्हणून वर्गातली मुलं तिला चिडवायची.

भुंग्याच्या अंगात चार कुत्र्यांचं बळ कोंडलेलं होतं. त्यानं उशा फाडल्या, चपला फाडल्या, तोवर निभावलं. पण मनीची आई घरी शिवणकाम करायची, आणि त्या आठवड्यात भुंग्यानं गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट फाडला.

"उद्या सकाळी गोदामाचा राखणदार येतोय," बाबा म्हणाले. "त्याला असलाच दांडगा कुत्रा हवाय."

"तो साखळीला बांधून ठेवील, बाबा!"

"मग काय, गादीवर झोपवील?"

"आजचा दिवस द्या. मी त्याला इतकं दमवते, इतकं दमवते..."

"महिनाभर हेच चाललंय," आई मशीनवरची मान वर न करता म्हणाली. "दमतेस तू. तो नाही."

बाबांनी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. "बरं. पण सकाळपर्यंत एक चिंधी जरी फाटली, तर मग रडायचं नाही."

मनी लगेच निघाली.

कुत्रा सायकलबरोबर कसा पळवायचा, ते तिला गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. पट्टा गळ्याला लावायचा नाही, छातीला लावायचा. डांबरावरून न्यायचं नाही, मातीवरून न्यायचं. तो मागे ओढायला लागला की थांबायचं, मग कितीही वाईट वाटो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट...

"त्याच्याकडे बघत सायकल चालवलीस तर दोघं खड्ड्यात जाल. नजर पुढे ठेव. कुत्रा कानांनी बघायचा. पावलं ऐक, धाप ऐक, पट्ट्याची ओढ ओळख."

मनी तसंच करायची.

पाण्याच्या जुन्या तलावाभोवती मातीचा रस्ता होता. पहिली फेरी झकास झाली. भुंगा पुढे ओढत होता. टपटप, टपटप. हाऽ हाऽ हाऽ.

दुसऱ्या फेरीत ओढ सैलावली. तलावाकाठच्या पंपघरापाशी तर पट्टा मागेच ओढायला लागला.

आता थांबायला हवं होतं. मनीला ते कळत होतं. ती थांबलीही. त्याला पाणी पाजलं. तो जिभेनं तिचा हात चाटत उभा राहिला.

पण घरी जाऊन हा पुन्हा ताजातवाना झाला तर? रात्री काही फाडलं तर?

"भुंग्या, एकच. शेवटची फेरी. तुझ्यासाठीच रे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली आणि पेडल मारलं.

धुकं दाट झालं होतं. पंपघराच्या मागच्या वळणावर सायकलला एक जोराचा हिसका बसला.

मग सगळं शांत...

पावलं नाहीत. धाप नाही. पट्टा सैल.

मनी मान वळवणार, एवढ्यात पट्टा पुन्हा ताणला गेला.

पुढे.

टप... टप... टप...

"शाबास रे भुंग्या!" तिला हायसं वाटलं. ओढ तर आधीपेक्षा जोरकस होती. पेडल मारायचीही गरज पडेना.

पण पावलं लांबलांब पडत होती.

आणि धाप ऐकू येत नव्हती.

एवढं पळून ज्याला धाप लागत नाही, तो कसला कुत्रा?

"हळू," ती म्हणाली. भुंगा या शब्दाला नेहमी थांबायचा.

ओढ वाढली.

"हळू, भुंग्या! हळू रे!"

तिनं दोन्ही ब्रेक दाबले. चाकं थांबली, मातीत फरफटली... आणि सायकल तशीच पुढे जात राहिली. तलावाचा रस्ता सुटला. आता ती घराच्या रस्त्याला लागली होती.

मनीनं बघितलं नाही. आधी बघायचं नाही म्हणून बघत नव्हती. आता बघवेना म्हणून.

समोरून धुक्यात एक दिवा आला. बाबांची स्कूटर.

"मने! अगं, कुत्रा सोडून कुठं भटकतेयस? हा केव्हाचा दारात येऊन बसलाय!"

बाबांच्या पायांपाशी, स्कूटरवर, भुंगा होता.

छातीचा पट्टा अंगावर होता, त्याची कडी तुटलेली. तो भुंकला नाही. मनीच्या सायकलच्या बाजूला एकटक बघत राहिला आणि उभ्या जागीच मुतला.

मग मनीनं बघितलं.

पट्टा ताणलेलाच होता. टोकाचा हुक हवेत होता... भुंग्याच्या पाठीहून खूप वर. तिच्या कमरेएवढ्या उंचीवर.

बाबांनीही तो बघितला.

हुक टपकन खाली पडला.

घरी येताच भुंगा शिलाई मशीनखाली शिरला तो शिरलाच. रात्रभर एक चिंधीही फाटली नाही.

सकाळी राखणदार आला. त्यानं वाकून बघितलं, चुटकी वाजवली, शीळ घातली. भुंगा थरथरत आत सरकला.

"हा राखण करणार? याचीच राखण करावी लागेल!" तो हसला आणि निघून गेला.

"बघ, दमला की कसा शहाण्यासारखा वागतो," आई म्हणाली. तिला काहीच सांगितलं नव्हतं. "राहू दे त्याला. आपलाच आहे."

मनीनं मशीनखाली जाऊन त्याला मिठी मारली. भुंगा वाचला होता.

पण मुलांनो, संध्याकाळ झाली...

अंगणात काहीतरी घासल्याचा आवाज आला.

खर्रर्र... मग थांबला. पुन्हा खर्रर्र...

बाबांनी दार उघडलं. भिंतीला टेकवलेली सायकल भिंतीपासून दूर, एकटी उभी होती. पट्टा ताणलेला होता. घराच्या दाराच्या दिशेनं.

ती एक वीत पुढे सरकली.

भुंग्यानं आतून असा आवाज काढला, की आईनं कानांवर हात ठेवले. "अहो, काय आहे ते?"

बाबांनी आईची कापड कापायची मोठी कात्री उचलली. "कापतोच तो पट्टा. एकदाचं संपेल."

उंबऱ्यापर्यंत गेले. तिथेच थांबले. कात्री हातात तशीच.

"नको, बाबा," मनी म्हणाली. "कापला तर ते सुटेल."

दार लावलं तर काय होईल आणि नाही लावलं तर काय होईल, हे बाबांनाही ठाऊक नव्हतं. मला तर आजही ठाऊक नाही, आणि हे लिहिताना मी दोनदा उठून माझ्या अंगणातली सायकल बघून आलोय.

सायकल आणखी एक वीत सरकली. पुढचं चाक पायरीला लागलं.

मशीनखाली भुंगा रडत होता.

मनीनं बूट घातले.

"कुठं निघालीस?" आई ओरडली. "मने, आत ये! अहो, धरा तिला!"

ती बाबांच्या हाताखालून निसटली. पायरी उतरली. हँडल धरलं आणि सगळा जोर लावून सायकलचं तोंड घराकडून रस्त्याकडे वळवलं.

पट्टा हळूहळू तिच्याबरोबर वळला.

मग ती सायकलवर बसली. पाय अजून पेडलवर ठेवले नव्हते, तोच सायकल चालू लागली.