ड्रायव्हरसह वजन

मुलुंडला आग्रा रोडवर, रंगाच्या कारखान्याला लागून आमचा वजनकाटा होता. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. ट्रकचं चाक लोखंडी प्लेटवर चढलं की खट् आवाज व्हायचा. मग केबिनमधल्या दांडीवर वजन सरकवायचं, दांडी समतोल झाली की आकडा वाचायचा. दिवसभर मी खिडकीतून एकच ओरडायचो, ड्रायव्हर खाली. हे लोक भरलेला ट्रक तोलताना आत बसून राहतात आणि रिकामा तोलताना बाहेर बिड्या ओढतात. मग मालात एक माणूस जास्त भरतो. रोज सांगायचं, रोज तेच. डोकं फिरायचं माझं.

मी फिजिक्सचा बीएस्सी. अणुभट्टीत काम करायचं म्हणत होतो, बसलो काट्यावर. ती खुमखुमी मी वेगळ्या तऱ्हेनं भागवायचो. प्रत्येक ट्रकचे टन लॉगच्या पुस्तकातून अणूच्या मापात काढायचो. ते एक माप म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूएवढं. एका टनात अशी सहावर एकोणतीस शून्यं इतकी मापं बसतात. लवू सावंत, माझा जोडीदार, कणकवलीचा. त्याच्या मते मला कामधंदा कमी होता.

प्रेमा, माझी बायको, दुपारी एकला डबा घेऊन यायची. तिला पाचवा महिना होता. आदल्या वर्षी तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे माझा जीव सारखा टांगणीला. तिचं मन रमावं म्हणून मी एक खेळ काढला. डबा घ्यायला जायचं, दोघांनी प्लेटवर उभं राहायचं, लवूनं वजन सांगायचं आणि मी त्याचा अणूच्या मापातला आकडा तिला ऐकवायचा. आम्ही त्याला तिघांचा आकडा म्हणायचो. दोघंही पंचावन्न किलोचे, म्हणजे एकशे दहा. सहा पॉइंट सहा दोन गुणिले दहाचा अठ्ठाविसावा घात. प्रेमा म्हणायची, बाळाच्या वाट्याला बरीच शून्यं आलीत हो.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी लवूनं एकशे पाच वाचले.

पाच किलोच्या खाली आमचा काटा बोलत नाही, म्हणून मी दुर्लक्ष केलं. बुधवारी शंभर आले, गुरुवारी पंच्याण्णव. रोज पाच किलो. तीनावर सत्तावीस शून्यं इतकी मापं दररोज कुठेतरी जात होती. केर काढायला गेलं तर चिमूटभरही सापडली नसती.

वीस-वीस किलोची लोखंडी वजनं आणून मी काटा दोनदा तपासला. बरोबर होता. मग प्रेमाला डॉक्टरकडे नेलं. त्यांच्या काट्यावर ती पंचावन्न भरली, बाळाचे ठोके झकास होते. मी डॉक्टरांशी भांडलो. त्यांचा तो स्प्रिंगचा डबडा काटा, आमच्या काट्याला सरकारी सील. मी कोणावर विश्वास ठेवायचा?

घरी मी तिला पाण्याची बादली उचलू देईना. ताटात दोन पोळ्या जास्त वाढायचो, मनगट चाचपून बघायचो. ती वैतागली. तिचं म्हणणं, मला काही झालेलं नाही, तुम्ही खाटेवर कूस बदललेलीच आता कळत नाही, पूर्वी खाट कशी करकरायची. मी ऐकलं न ऐकलं केलं. केबिनमधलं माझं स्टूलही करकरायचं थांबलं होतं. मला वाटलं, लवूनं तेल घातलं असेल.

पुढच्या सोमवारी पंच्याहत्तर. गुरुवारी साठ. मला घास जाईना.

शुक्रवारी लवूनं पंचावन्न वाचले.

मी वजाबाकी केली. माझे पंचावन्न गेले. प्रेमाचं आणि बाळाचं मिळून उरलं शून्य. शून्याचा लॉग पुस्तकात नसतो.

ती समोर उभी होती. घामेजलेली, डबा हातात, पोट पुढे. मला तिच्याकडे बघवेना.

लवू खिडकीतून बोलला, "ड्रायवर उतरव आधी. दिवसभर लोकांवर वरडतस, आणि तू?"

खरंच की. अकरा दिवसांत मी एकदाही तिला एकटीला तोललं नव्हतं. ज्या चुकीपायी मी शंभर ड्रायव्हरांना शिव्या घातल्या, तीच मी करत होतो.

मी प्लेटवरून उतरलो.

"पंचावन्न," लवू म्हणाला.

मला हसू फुटलं. मग रडू आलं. ती होती, सगळीच्या सगळी होती, बाळासकट. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

तिला म्हटलं, उतर आता. ती उतरली तशी प्लेट खट् वाजली. आत दांडी धपकन खाली बसली. लवूनं वजन मागे शून्यावर आणलं आणि दांडीला डोळे लावून बसला.

मी चढलो. प्लेटच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

आवाज झाला नाही.

प्रेमा माझ्या पायांकडे बघत होती.

"नंदू, चड ना रे आता," लवू आतून म्हणाला. "वैनी उतारली ना?"

प्रेमानं हात लांब करून डबा माझ्याकडे दिला. मी तो धरला.

"हां," लवू म्हणाला. "आता हलली जराशी."