रकाना क्रमांक सतरा

प्रेमापुढे सिंहासनं डळमळतात, तट कोसळतात आणि समुद्रसुद्धा वाट करून देतात, असं आजवर अनेक थोर लोक सांगून गेले आहेत. त्यांतल्या एकानंही कधी अनुदानाचा अर्ज भरलेला नव्हता.

गणिताच्या बाईंनी भरला होता. एकदा नव्हे, चारदा. चर्चच्या आवारातल्या त्या शाळेत केलेली बेरीज पुन्हा पडताळून पाहणाऱ्या त्या एकट्याच. त्यामुळे कॅथलिक शाळांना आणि चर्चना अनुदान देणाऱ्या एका दूरच्या न्यासाचा बावीस पानी अर्ज दरवर्षी त्यांच्याच टेबलावर येऊन पडे. यंदाचा शेवटचा. नगरपालिकेच्या अभियंत्यानं छपराखाली दोन मिनिटं उभं राहून पाहणी केली होती, तिसरं मिनिट अंगणात घालवलं होतं आणि नोटीस दिली होती : सत्र संपेपर्यंत नवं छप्पर झालं नाही, तर इमारतीला टाळं.

टाळं म्हणजे काय, हे बाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी याच धर्मग्रामाची, म्हणजे याच चर्चच्या हद्दीतली, नदीपलीकडची शाळा बंद झाली. तिथली ऐंशी मुलं ‘इतरत्र वर्ग’ झाली, असं कागदावर होतं. त्यांतली सात-आठ बाईंना बाजारात भेटत, पोती उचलताना. अपूर्णांकांत पहिली येणारी एक मुलगी कांद्याच्या वजनकाट्यापाशी बसलेली असे. बाई दिसल्या की ती मान खाली घाली, आणि बाई रस्ता बदलत.

तर अशा त्या शाळेच्या व्हरांड्यात, एका पावसाळी सकाळी, टाय लावलेला एक अनोळखी माणूस वर बघत उभा होता.

“बाजूला व्हा!” बाई ओरडल्या.

“का?” त्यानं विचारलं. कारण कळल्याशिवाय हलायचं नाही, अशा चेहऱ्याचा माणूस होता.

कारण सांगायला वेळ नव्हता. बाईंनी त्याला टायला धरून ओढलं. तो जिथं उभा होता तिथं एक कौल येऊन फुटलं. टाय अजून बाईंच्या मुठीत होता. त्याला ओल्या लोकरीचा आणि शाईचा वास येत होता.

त्यानं खिशातून वही काढली. घड्याळ पाहिलं. लिहिलं.

“कौल, एक. अकरा वाजून दहा मिनिटं,” तो म्हणाला. “दिवसाला साधारण किती पडतात?”

“पाहुणे आले की जास्त.”

“मी पाहुणा नाही. न्यासाचा पाहणी अधिकारी.”

बाईंनी टाय सोडला. तो नीट करावा का, असा एक विचार त्यांच्या हातापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला.

दुपारपर्यंत मुलांनी त्याचं बारसं उरकलं : रकानासाहेब. कारण तो बोलायचाच रकान्यांत. नाव? इयत्ता? डब्यात काय? एका चिमुरडीनं त्याला उलट विचारलं, “तुमचं लग्न?” त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, “लागू नाही.”

मोजमापं घ्यायची होती. फितीचं एक टोक त्याच्याकडे, दुसरं बाईंकडे. सातवीचा वर्ग, सहावीचा, वाचनालय म्हणून जिथं एक कपाट होतं ती खोली. भिंतींवर बुरशीचे नकाशे. छतातून पाणी पडेल तिथं भांडं : बादल्या, पातेली, प्रयोगशाळेतली दोन चंचुपात्रं, आणि चर्चमधल्या आल्तारावरची, म्हणजे वेदीवरची, पितळी फुलदाणी. प्रत्येकाचा आवाज वेगळा. तो प्रत्येकापाशी थांबून नोंद करत होता.

“फुलदाणी कुठल्या रकान्यात बसवणार?” बाईंनी दुसऱ्या टोकावरून विचारलं.

“जलसंधारण.”

बाई हसल्या. मग त्याला धक्का बसू नये म्हणून खोकल्या.

“एक विचारू?” तो म्हणाला. “अर्जात एक प्रश्न आहे. ‘अनुदान न मिळाल्यास काय होईल?’ त्याला दहा ओळींची जागा दिलीय. तुम्ही एकच ओळ लिहिलीत. शाळा बंद होईल.”

“मग? दहा वेळा लिहू? शिक्षा म्हणून मी मुलांना देते तसं?”

“तसं नाही... मी एवढंच सांगत होतो की ती ओळ मी चार वेळा वाचली.” तो फितीकडे बघत म्हणाला. “बाकीचे अर्ज एकदाच वाचतो.”

फीत गुंडाळली गेली तसं त्यांच्यातलं अंतर कमी होत गेलं. बारा फूट, सहा, दोन. शेवटचं टोक बाईंनी जरा उशिरानं सोडलं. आता सुटली की झटक्यानं आत जायचं, हा फितीचा स्वभावच असतो म्हणा. पण त्याचं बोट त्यात सापडलं, ते वहीत लिहायचं त्याला सुचलं नाही.

तो आणखी दोनदा आला. नियमानं एकदाच यायचं असतं. दुसऱ्या खेपेला म्हणाला, ईशान्य कोपरा राहिला होता. तिसऱ्या खेपेला कोपरे संपले होते, म्हणून तो खोडरबर घेऊन आला. बाईंचा खोडरबर झिजून मसुराएवढा झाला होता, हे त्याच्या लक्षात राहिलं होतं.

“ही लाच तर नाही ना?” बाईंनी विचारलं.

“मी कार्यालयाला विचारून घेतलंय. ठरावीक किमतीखालची वस्तू चालते.”

“कार्यालयाला विचारलंत? काय विचारलंत?”

“एका शिक्षिकेला खोडरबर दिला तर चालेल का.”

“आणि हसले नाहीत ते?”

“आमच्याकडे कोणी हसत नाही,” तो म्हणाला. “मी इथंच... म्हणजे, इथं येऊन जरा—” वाक्य तिथंच राहिलं. पाऊस मोठा होता. चंचुपात्र भरून वाहू लागलं, आणि ते रिकामं करायला दोघंही एकदमच उठले.

बाई तेहतीस वर्षांच्या होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी पाचवीच्या अठ्ठावीस वह्या तपासल्या आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी त्या वह्या पुन्हा तपासाव्या लागल्या.

आठवड्यानं मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बाईंना कार्यालयात बोलावलं. फादर आधीच येऊन खिडकीपाशी बसले होते. सत्तरी उलटलेले, दम्यानं वाकलेले. धर्मग्रामाचे ते धर्मगुरू, त्यामुळे अर्जावर सही त्यांची.

“न्यासाचं पत्र आलंय,” सिस्टर म्हणाल्या. “बसा. नाही, हातातला डस्टर ठेवा आणि मग बसा.”

पत्राला रकानासाहेबांच्या अहवालाची प्रत जोडलेली होती. सिस्टरांनी चष्मा सारखा केला आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचलं : “रकाना क्रमांक सतरा. पाहणी अधिकाऱ्याचे अर्जदार संस्थेतील कोणाही व्यक्तीशी नाते, व्यवहार अथवा स्नेहसंबंध आहेत काय? उत्तर : होय. गणिताच्या शिक्षिका. स्नेहसंबंध. तूर्त एकतर्फी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

फादर खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

जगातल्या इतर बायकांना ही गोष्ट निदान कानात कुणीतरी सांगतं. बाईंची गोष्ट तीन प्रतींत निघाली होती : एक मुख्य कार्यालयाला, एक फादरांना, एक सिस्टरांना. बाईंना प्रत नव्हती.

“अहो बाई, तुम्ही याला काही... बोलला होतात?” सिस्टरांनी विचारलं.

“फितीचं टोक धरलं होतं मी,” बाई म्हणाल्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. आणि खोटं कशाला, त्या तापल्या कानांच्या मधोमध, छातीच्या जरा डावीकडे, काहीतरी वेड्यासारखं नाचत होतं.

ते फार वेळ नाचलं नाही. सिस्टरांनी नियम वाचले. शिक्षिकेनं सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. ‘होय’ म्हटलं तर अर्ज बाद, आणि तीन वर्षं नवा अर्ज नाही. ‘नाही’ म्हटलं तर दुसरा अधिकारी काम पुरं करणार. मात्र ते ‘नाही’ अनुदानाची तीन वर्षं खरं राहिलं पाहिजे. तेवढ्यात खोटं ठरलं, तर सगळं अनुदान परत.

“मी तुम्हाला काहीच सांगणार नाही,” सिस्टर म्हणाल्या. “खरं असेल ते लिहा.”

“आणि खरं लिहिलं... तर?”

सिस्टरांनी टेबलावरची धूळ बोटानं पुसली. “तर मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले लिहायला घ्यावे लागतील. एकशे त्रेचाळीस आहेत. आजपासून सुरुवात केली तर होतील.”

मधल्या सुट्टीची घंटा झाली. एकशे त्रेचाळीस मुलं चिखलात उतरली आणि एकाच वेळी ओरडू लागली. बाईंना वजनकाट्यामागची ती खाली घातलेली मान दिसली. त्यांनी सिस्टरांचं पेन घेतलं, आणि सात दिवसांची मुदत असताना दीड मिनिटात उत्तर लिहिलं.

नाही.

फादर उठले. आल्तारावरची मेणबत्ती विझली असेल, बघून येतो, असं पुटपुटत गेले. मेणबत्त्या दुपारी लावतच नसत.

महिन्याभरानं मंजुरीचं पत्र आलं. त्याच दिवशी रकानासाहेब नव्या अधिकाऱ्याला नकाशे सोपवायला शेवटचा आला. नवा अधिकारी आत चहा घेत होता. व्हरांड्यात हे दोघं. पाऊस तोच; पडायचं कौल मात्र आता राहिलं नव्हतं, तिथं नुसतं भोक होतं.

“तुमचं उत्तर पोहोचलं,” तो म्हणाला. “रकान्यात बरोबर बसलं.”

“तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?” बाईंचा आवाज चढला. “माणूस पहिल्यांदा त्या बाईला सांगतो हो! कार्यालयाला नंतर... कधी सांगतच नाही!”

“चुकलं माझं.” त्यानं ते सरळ मान्य केलं. “पण तुम्हाला विचारलं असतं, आणि समजा... समजाच हं... तुम्ही हो म्हणाला असतात, तर शाळेसाठी मला खोटं लिहावं लागलं असतं. मला ते जमत नाही. प्रयत्न केलाय मी. हात थरथरतो.” तो किंचित हसला. “आता बरं झालं. कोणालाच खोटं लिहावं लागलं नाही.”

बाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. ‘नाही’ लिहिताना तो अजिबात थरथरला नव्हता, ही गोष्ट त्यांना त्या क्षणी फार भयंकर वाटली.

“एक प्रश्न विचारू?” तो हळूच म्हणाला. “फॉर्मातला नाही. माझा.”

“नका विचारू.”

“का?”

“नका ना विचारू...” ते शब्द बाईंच्या तोंडून असे बाहेर आले, की तो वळून त्यांच्याकडे पाहतच राहिला. त्यानं सवयीनं वही उघडली. पेन टेकवलं. मग काहीही न लिहिता वही मिटली, बाईंना मान लववली, आणि छत्री न उघडताच फाटकाकडे चालू लागला. बाईंनी हाक मारली नाही. हाक मारायची तर नाव लागतं, नावाला प्रेम चिकटतं, आणि आत एक अधिकारी चहा पीत होता.

त्या शनिवारी बाई पापनिवेदनाला गेल्या. लाकडी कोठडीत जाळीपलीकडे फादरांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. एवढ्याशा चुका सांगून झाल्या. मग बाई थांबल्या.

“आणखी?” फादरांनी विचारलं.

“खोटं लिहिलं, फादर. एकच शब्द.”

पलीकडची शिट्टी थांबली.

“मला तो आवडतो,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही एका दमेकरी म्हाताऱ्यासमोर, जाळीतून. “खूप. सकाळी फळ्यावर तारीख लिहिताना आवडतो. भागाकार शिकवताना आवडतो. मला तेव्हाही माहीत होतं. मी माहीत असून लिहिलं, आणि... पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. मग हा पश्चात्ताप धरतात का हो?”

जाळीपलीकडे लाकडी बाक करकरला.

“बाई,” फादर म्हणाले, “ते छप्पर माझ्याही डोक्यावर येणार आहे. तेव्हा इथं मी न्यायाधीश नाही. साथीदार आहे. मेणबत्ती बघायला गेलो होतो मी.” ते खोकले. “प्रायश्चित्त सांगतो. तीन वर्षांनी अनुदानाची मुदत संपली, असा न्यासाचा शेवटचा दाखला येईल. आला की त्याच दिवशी त्याच्याकडे जायचं आणि खरं सांगायचं. त्याआधी एक अक्षर नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही.”

“तोवर त्याचं लग्न झालं असलं तर?”

“तर दारातूनच सांगायचं आणि परत यायचं. प्रायश्चित्त म्हणजे बक्षीस नव्हे.”

“आणि तो... नाहीच भेटला तर?”

“तर शोधायचं. मी काही बघायला असणार नाही, त्यामुळे तुम्ही टाळलंत तरी मला कळायचं नाही. म्हणून आताच कबूल करा.”

बाईंनी जाळीला कपाळ टेकलं. लाकूड थंड होतं. तीन वर्षं, एक हजार पंच्याण्णव दिवस, मध्ये लीप वर्ष आलं तर एक जास्त. त्यांनी डोळे पुसले.

“कबूल,” त्या म्हणाल्या.

फादरांनी क्षमेचे शब्द म्हटले. सावकाश, एकही न गाळता. बाई उठल्या. पडदा सारणार, तोच जाळीतून पुन्हा आवाज आला, अगदी दबका.

“बाई... जरा खाली बघता? माझी एक चप्पल मघापासून फळीखालून तुमच्या बाजूला सरकलीय. तेवढी इकडे ढकला ना.”