उसना हात

मिरजेच्या दत्तमंदिरासमोर चहाच्या गाड्यावर चार माणसं प्रेत ओलांडून साखरेच्या डब्याकडं जात होती. प्रेत तिथं नव्हतं. ते पार विदर्भात, एका वाचनालयाच्या फरशीवर पडलं होतं, आणि एव्हाना त्याला अग्नीही दिला गेला होता. पण चौघांच्या डोळ्यांवर चष्मे होते आणि चष्म्यांत घटनाचित्र चालू होतं. म्हणून कुणी पाय उचलून टाकत होतं, कुणी रक्त चुकवत होतं, आणि एकजण हातात कप धरून, वाकून, मेलेल्या मुलीचा चेहरा नीट दिसतो का ते बघत होता. बिस्कीट देऊ का, असं गाडेवाल्यानं विचारलं. त्यानं वाकलेल्या अवस्थेतच मान हलवली.

घटनाचित्र म्हणजे बातमीच्या आत शिरायची सोय. गुन्हा कुठंही घडो, पोलिसांचं निवेदन, शेजाऱ्यांची बोलणी आणि आसपासच्या कॅमेऱ्यांचे तुकडे गोळा करून वाहिनीचं यंत्र तो प्रसंग जसाच्या तसा उभा करी. पाहणाऱ्याला त्यात हिंडता येई. खुन्याच्या मागं उभं राहता येई, हवं तर पुढंही. त्यातलं खरं किती आणि भरीचं किती, ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असे. कोपऱ्यात असल्यामुळं ते कुणी वाचत नसे.

श्रीनिवासबुवा निपाणीकर उत्सवाच्या कीर्तनाला निघाले होते. गळ्यासाठी आल्याचा काढा घ्यायला ते गाड्यापाशी थांबले, तेव्हा गाडेवाल्यानं स्वतःचा चष्मा काढून त्यांच्यापुढं धरला. म्हणाला, बघून घ्या, आज लोक हेच ऐकायला येणार. बुवांना ते पटलं. चालू काळातली गोष्ट पूर्वरंगात, कीर्तनाच्या पहिल्या भागात, दृष्टांत म्हणून घ्यायची, ही त्यांच्या गुरुघराची रीत होती, आणि त्यांच्या श्रोत्यांना त्याची चटकही होती.

चष्म्यात एक उंच तरुण उभा होता. कायद्यामुळं चेहरा पुसलेला. डोक्यावर अक्षरं तरंगत होती, ‘स्वमग्न मारेकरी’. सुरा उचलण्याआधी त्यानं डाव्या हाताची तीन बोटं गळ्याखालच्या हाडावर आपटली, मनगट बाहेर फिरवलं आणि तो पुढं-मागं झुलला. बुवांच्या अंगावर शहारा आला. तरी त्यांच्यातला नट जागा होताच. उपरण्याखाली त्यांचा हात आपोआप तसाच फिरला. ही लकब कुठंतरी पाहिल्यासारखी वाटली. पण देवळातून पेटीचा सूर ऐकू आला आणि ते लगबगीनं आत गेले.

बुवा गादीवर उभे राहिले की त्यांच्या उजव्या हाताला सादिकभाई तबला घेऊन बसत, आणि मागं झांज घेऊन ऋजुता कोरे. ऋजुताही स्वमग्न होती. तिच्या मेंदूची घडण जन्मापासून वेगळी. गर्दी, आवाज, स्पर्श हे सगळं तिच्यापर्यंत आपल्यापेक्षा वेगळं पोचायचं. नजरेला नजर द्यायची नाही, बोलायची मोजकं. तिशीला आलेली ही मुलगी वडिलांचा हात धरून देवळात आली ती लहानपणी, आणि बुवांच्या मागं बसली ती कायमची. तिच्या झांजेवर बुवा डोळे मिटून पद टाकत. चुकले तर तेच चुकत.

पूर्वरंग रंगला. विषय होता मनाच्या अंधाराचा. बुवांनी वाचनालय उभं केलं, पुस्तकात डोकं घातलेली मुलगी उभी केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि हा बघा, आला. कुणाकडं बघत नाही. कुणाशी बोलत नाही. आत काय शिजतंय, देवाला ठाऊक.” त्यांनी तीन बोटं गळ्याखाली आपटली, मनगट फिरवलं आणि ते झुलले. यानंतर पद होतं.

सभामंडप एकदम गप्प झाला. दाद मिळाली असं समजून बुवांनी पदाची ओळ उचलली, पण झांज येईना. कुणी श्रोता त्यांच्याकडं बघतच नव्हता. सगळे त्यांच्या मागं बघत होते. बुवा वळले. प्रत्येक पदाआधी करायची तशी ऋजुतानं तीन बोटं गळ्याखाली आपटली होती, मनगट बाहेर फिरवलं होतं, ती झुलली होती. तेवढं केल्याशिवाय तिची झांज कधी सुरूच होत नसे. आता तिचा हात हवेत थांबला होता आणि ती बुवांच्या हाताकडं बघत होती.

मध्यंतरात बुवांना हार घातला गेला. साथीदारांना बुक्का लावायचा मान देवळातल्या जुन्या सेवेकरी कमळाकाकूंचा. त्यांनी पेटीवाल्याला लावला, सादिकभाईंना लावला आणि ताट घेऊन परतल्या. ऋजुता डोळे मिटून कपाळ पुढं करून बसली होती. बराच वेळ बसली. शेवटी तिच्या वडिलांनीच, मल्लिनाथ कोऱ्यांनी, पुढं होऊन तिला उठवलं. उत्तररंगात बुवांनी काय गायलं ते त्यांचं त्यांना आठवत नाही.

सकाळपर्यंत दोन चित्रं शेजारीशेजारी लावून गावभर फिरली: वाचनालयातला खुनी आणि झांजेवरची ऋजुता. ‘ओळखा पाहू’ अशी वर ओळ, आणि खाली हसणारे पिवळे चेहरे. तेच लोक, हिच्या झांजेवर माना डोलावणारे. दुपारी विश्वस्त अण्णासाहेब घोरपडे यांनी बुवांना बोलावून सांगितलं की उरलेल्या उत्सवात मुलीनं विश्रांती घेतलेली बरी.

“आमचं काही नाही हो बुवा,” ते म्हणाले. “लोकांचं असतं ना.”

“लोक म्हणजे कोण, अण्णासाहेब? काल पहिल्या रांगेत तुम्हीच होतात.”

बाहेर पायरीवर सादिकभाई तबल्याला गवसणी घालत होते. ते हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “पूर्वी कुठं खुट्ट झालं की आधी आमच्या आळीकडं बघायचे,” ते म्हणाले. “आता पोरीचा नंबर.”

बुवांनी वाहिनीला फोन लावला. पुष्कळ वेळ जाहिराती ऐकवून झाल्यावर घटनाचित्र विभागाच्या प्रमुख बाई बोलायला आल्या. आवाज गोड, घाई अजिबात नाही. त्यांनी सगळं मोकळेपणानं सांगितलं, आणि त्या मोकळेपणाचीच बुवांना किळस आली. आरोपीची खरी हालचाल दाखवायला कायद्यानं बंदी. मग यंत्र वर्तनसंग्रहातून, म्हणजे लोकांच्या चित्रित हालचालींच्या साठ्यातून, हालचाल उसनी घेतं. त्यासाठी एखादा शब्द लागतो. आरोपी स्वमग्न आहे असं पोलीस म्हणाले होते का? नाही, त्या म्हणाल्या. तो कुणात मिसळत नसे, असं एक शेजारी म्हणाला होता. शब्द यंत्रानं काढला. आज पोलिसांनी खुलासाही केलाय की तसं काही नव्हतं, जुना राग होता. तो आम्ही खालच्या पट्टीत चालवतोय. आणि हालचाल? ती त्या शब्दाखाली सार्वजनिक ठिकाणी जे सापडलं त्यातून आली. दत्तमंदिराच्या थेट प्रक्षेपणावर तुमच्याच लोकांनी लिहिलं होतं, ‘स्वमग्न कन्येची झांजसेवा’. फार छान चित्रीकरण आहे, हात अगदी स्पष्ट.

ते शब्द मंदिरानं कौतुकानं लिहिले होते. लिहा म्हणून बुवांनीच सुचवलं होतं.

“एका बाईचा झांजेवरचा हात तुम्ही खुन्याला लावलात,” बुवा म्हणाले.

“चेहरा नाही ना घेतला. हालचालीवर कुणाचा हक्क नसतो, सर.” मग त्यांनी विचारलं, ती मुलगी बोलेल का? दुसरी बाजू म्हणून उद्याच घेऊ. सोबत वडील रडले तर अधिक पोचेल.

बुवांनी फोन ठेवला आणि मोरीवर जाऊन हात धुतले. ते धुऊन झाल्यावरही पाणी तसंच सोडून ते उभे राहिले. कारण त्या बाईंनी यंत्राकडून जे करवलं, ते काल त्यांनी स्वतःच्या देहानं केलं होतं, आणि तेही नारदाच्या गादीवर उभं राहून.

संध्याकाळच्या आत ते वीजमंडळाच्या जुन्या वसाहतीत कोऱ्यांच्या घरी गेले. मल्लिनाथांनी दार उघडलं, पण या म्हटलं नाही. नुसते बाजूला झाले. ऋजुता आतल्या पलंगावर बसली होती. डावा हात मांडीखाली दाबलेला. कालपासून असाच आहे, वडील म्हणाले, जेवतानाही काढला नाही. झांज ट्रंकेत ठेवायला सांगितली.

बुवा जमिनीवर बसले. ते चित्र खोटं आहे, हात तुझा आहे आणि बाकी सगळं त्यांचं आहे, असं त्यांनी सावकाश सांगितलं. उद्या काल्याचं कीर्तन आहे, चल, म्हणाले. ऋजुता भिंतीकडं बघत ऐकत होती. मग म्हणाली,

“तुम्ही का केलंत?”

“दिसलं ते खरं धरलं, ऋजू.”

“मला विचारायचं. मी मागंच होते.”

  मल्लिनाथांनी पाण्याचा तांब्या आणून बुवांपुढं ठेवला, तेवढंच.

ऋजुताशिवाय गादीवर उभं राहायला बुवांनी नकार दिला, म्हणून दुसऱ्या दिवशी मंदिरात दुसरे कीर्तनकार उभे राहिले. निपाणीकरबुवांनी कोऱ्यांच्या अंगणात सतरंजी घातली. सादिकभाई आले, पेटीवाले काहीतरी कारण सांगून आले नाहीत. श्रोते म्हणाल तर वसाहतीतली पाच-सहा माणसं. कुंपणाबाहेर मात्र चांगली गर्दी होती. ती कीर्तनाला आलेली नव्हती. बऱ्याच जणांच्या डोळ्यांवर चष्मे होते आणि मागच्यांना दिसावं म्हणून पुढचे खाली बसले होते, तमाशाला बसतात तसे.

बुवांनी आख्यान लावलं नाही. परवा मी गादीवरून खोटं बोललो, एवढं एक वाक्य ते मोठ्यानं, कुंपणापर्यंत पोचेल असं बोलले आणि त्यांनी नामाचा गजर सुरू केला. झांजेवाचून गजर लंगडत होता. मागं ऋजुता बसली होती. झांज ट्रंकेतून निघून सतरंजीवर आली होती, पण हात मांडीखालीच होता. बुवांनी वळून पाहिलं नाही, तिला बोलावलंही नाही.

गजर चढत गेला. तबल्याची लय पुढच्या आवर्तनाला वाढली आणि ऋजुताचा डावा हात बाहेर आला. तीन बोटं गळ्याकडं निघाली. त्याबरोबर कुंपणाबाहेरची एक बाई आपल्या मुलाला ओढून घेत मागं सरकली. ऋजुताला ते दिसलं. हात अर्ध्यावर थांबला.

सादिकभाईंनी ठेका सोडला नाही. बुवांनी तीच ओळ पुन्हा घेतली, मग पुन्हा; श्वास पुरेनासा झाला तरी ते ओळ खाली ठेवेनात. कुंपणाबाहेर एका म्हाताऱ्यानं चष्मा काढून खिशात घातला. बाकीच्यांनी काढले नाहीत. आणि तो हात हवेतच होता. ज्या हातानं जन्मात झांजेखेरीज काही उचललं नाही, त्यानं आपण निरपराध आहोत हे पटवायला आता आणखी काय करून दाखवायचं, आणि कुणाला?