बुडबुडा घेतल्याशिवाय येऊ नको

आधीच सांगतो, मी चेष्टेखोर माणूस आहे.

गुलमंडीच्या बाजारात माझं टॉवेल-चादरीचं दुकान. गिऱ्हाइकाच्या पिशवीत रबरी पाल टाकून मी अख्खी दिवाळी काढलीय. त्यामुळं मी काही सांगायला लागलो की लोक आधी स्वतःचा खिसा चाचपतात.

पण ही गोष्ट खरी आहे. यात माझ्या पदरचं काहीच नाय.

आणि रात्रबित्र नव्हती. अमावस्या नव्हती. मागच्या मार्चमधला सोमवार, सकाळचे अकरा, लख्ख ऊन, वाळूजची एमआयडीसी. कंपनीचं नाव सांगत नाय. माझ्या साडभावाची भाकरी आहे तिथं.

साडभाऊ म्हणजे बिभीषण. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. तो प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबून पार्ट बनवतात तिथं, मशीन दुरुस्तीचा फिटर. वय अठ्ठेचाळीस. चेष्टेत माझाही बाप.

त्याच्या खिशात कायम एक लेव्हल असायची. वीतभर लोखंडी पट्टी, तिच्यात काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. मशीनवर ठेवायची. बुडबुडा मधोमध आला की मशीन सरळ बसली. एवढंच.

नवीन ट्रेनी आला की बिभीषण ती नळी उन्हाकडं धरायचा. तोंड वाकडं करायचा.

"बुडबुडा लई जुना झाला रे. स्टोअरमधून नवा घेऊन ये."

पोरगं स्टोअरच्या खिडकीवर जायचं. आत कारभारी. कारभारी हे त्याचं नाव, हुद्दा नाय. तो रजिस्टरमध्ये तोंड लपवून म्हणायचा, "संपले. टूल रूमला बघ." टूल रूमवाले कंप्रेसर रूमला पाठवायचे. कंप्रेसरवाला म्हणायचा, "ज्यानं पाठवलं त्यालाच विचार." मग सगळे हसायचे, चहा यायचा आणि पोरगं आपल्यातलं व्हायचं.

वीस वर्षं हाच खेळ. बिभीषणला स्वतःलाही पहिल्या दिवशी असंच पळवलं होतं.

त्या सोमवारी शिवराजचा नंबर होता.

एकोणीस वर्षांचा. कन्नड तालुक्यातला, घरी मेंढरं. आयटीआय करून आलेला. ट्रेनीची निळी टोपी पार कानापर्यंत ओढून घालायचा. कमी बोलायचा. सांगितलेलं काम मात्र सोडायचा नाय.

"कळलं का, कसला बुडबुडा?"

"व्हय दादा."

"आणि बुडबुडा घेतल्याशिवाय परत येऊ नको."

"नाय येत दादा."

अर्धा तास झाला. तास झाला. चहा आला, थंड झाला.

मग मागून एक आवाज आला... मोठं मडकं फुटावं तसा.

कंपनीच्या मागच्या टोकाला जुना स्टोअर आहे. बंदच असतो. आत माळा, माळ्याच्या पुढं सिमेंटचा पत्रा. शिवराजनं त्या पत्र्यावर पाय दिला होता. अठरा फूट खाली आला.

तिथं त्याला कोणी पाठवलं?

कंप्रेसरवाल्यानं पोरांची शपथ घेतली. "मी परत बिभ्याकडंच धाडलं. जुन्या स्टोअरला कोण कशाला धाडंल?"

पोरगं जिवंत होतं. पण डोळे उघडत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मार इतका नाय, उठायला पाहिजे होता.

मंगळवारी अपघाताचा फॉर्म निघाला. त्यात एक ओळ असते. प्रशिक्षणार्थी अपघाताच्या जागी कोणाच्या सांगण्यावरून गेला?

वरच्या साहेबानं उत्तर आधीच टाईप करून ठेवलं होतं. 'स्वतःच्या मर्जीने, परवानगी न घेता.'

खाली बिभीषणची सही पाहिजे होती. सही झाली की चूक पोराची. पोरगं उठलं तरी त्याचं ट्रेनिंग बंद. नाय उठलं तर मेल्यावरही ठपका त्याच्यावरच.

कारभारी कॅन्टीनमध्ये शेजारी येऊन बसला. "बिभ्या, तोंड उघडशील तर तू, मी, टूल रूम, सगळे घरी बसू. माझ्या पोरीचं लग्न हाय मे महिन्यात."

"मी कुठं काय म्हणलो?"

"मग भात खा गप."

सेफ्टी ऑफिसर इंद्रजीत सर. तरणा माणूस, नवीन, खेळात नसलेला. तो एवढंच म्हणाला, "बिभीषणदादा, शुक्रवारी जागेवर चौकशी करू. सही तिथंच करा."

बुधवारी सकाळी बिभीषणच्या टेबलावरचा फोन वाजला. स्टोअरमधून कारभारी.

"लाज वाटती का? पोरगं तिकडं दवाखान्यात, आणि तू पुन्हा दुसऱ्याला धाडलंस?"

"कोणाला? मी कोणालाच नाय धाडलं."

"आत्ता आला होता ना खिडकीवर. निळी टोपी. बुडबुडा द्या म्हणला. मी रजिस्टरमधून मान वर केली..."

"मग?"



"खिडकीत कोणीच नव्हतं, बिभ्या."

बिभीषणनं सगळे ट्रेनी मोजले. सगळे लाईनवर होते. तो मशीनपाशी आला, सवयीनं लेव्हल काढली आणि ठेवली.

बुडबुडा मधोमध नव्हता... एका कडेला जाऊन चिकटला होता.

मशीन तर त्यानंच परवा सरळ बसवलेली. त्यानं पट्टी उलटी फिरवून ठेवली. बुडबुडा नळीतून सरकत पुन्हा त्याच दिशेला गेला. मग टेबलावर ठेवली. मग फरशीवर. सगळीकडं तेच.

दिशा एकच. जुना स्टोअर.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. बाहेरच्या बाकावर शिवराजची आई, म्हाळसाबाई. मांडीवर पोराची पँट घडी घालून ठेवलेली.

"तुमी कंपनीतले का दादा?"

"व्हय."

"ते साहेब म्हणत व्हते, पोराचीच चूक. माझा लेक बिनासांगता कुठं जात नाय ओ."

बिभीषण बाकाच्या टोकाला टेकला.

"ल्हान व्हता तव्हा बापानं सांगितलं, चुकलेलं कोकरू घेतल्याबिगर येऊ नको. दोन दिवस आला नाय. डोंगरात हिंडत व्हता. कोकरू तर पहिल्याच राती घरी आलं व्हतं."

"मग कसा आला?"

"म्या डोंगराखाली गेले. नाव घेऊन हाक मारली. शिवराज, घावलं रं कोकरू, ये आता. तव्हा आला. नाव घ्यावं लागतं त्याचं. नायतर त्याला वाटतं, दुसऱ्याला बोलवायलेत."

मी त्याच रात्री बिभीषणला भेटलो. जेवला नाय. मी म्हणलं, कारभाऱ्यानं तुझीच गंमत केली असंल, आपल्यासारख्याला आपल्यासारखेच भेटणार. तो हसला नाय. बिभीषण हसला नाय, हे मी पहिल्यांदा बघितलं.

गुरुवारी सकाळी टूल रूमचा फोन आला. निळी टोपी येऊन गेली. बुडबुडा मागितला.

दुपारी कंप्रेसर रूम. कंप्रेसर बंद केल्यावर, एकदम शांत झाल्यावर, कानाजवळ कोणीतरी म्हणालं... "मामा, बुडबुडा हाय का?"

तेव्हा बिभीषणच्या ध्यानात आलं. स्टोअर. टूल रूम. कंप्रेसर. पोरगं त्याच वाटेनं निघालं होतं.

आता एकच जागा राहिली होती.

बिभीषण दवाखान्यात म्हाळसाबाईला नंबर देऊन आला होता. तिथून निरोप आला, पोराचा श्वास उथळ झालाय.

शुक्रवारी आठवड्याची सुट्टी. मशीन बंद, लाईट बंद. दुपारचे बारा. जुन्या स्टोअरचं दार उघडलं. इंद्रजीत सर, हातात फाईल. कारभारी. बिभीषण. फुटक्या पत्र्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरलेला. माळ्याच्या शिडीला लाल-पांढरी पट्टी बांधलेली, कोणी वर जाऊ नये म्हणून. पट्टी जागच्या जागी होती.

"इथं सही करा, दादा," इंद्रजीत सर म्हणाले. पेन पुढं केला.

बिभीषणनं पेन घेतला.

टप...

वर कोणीतरी पाऊल टाकलं.

इंद्रजीत सरांनी मान वर केली. "वर कोण आहे? मी बंदी केलीय ना?"

टप... टप...

पावलं माळ्यावरून पुढं चालली होती. सावकाश. काहीतरी शोधत असल्यासारखी. मग आवाज बदलला. लाकडावरचा आवाज संपला.

पत्रा करकरला.

कारभाऱ्यानं बिभीषणचं मनगट धरलं. "सही कर आणि चल बाहेर. चल, बिभ्या."

बिभीषणनं हात सोडवून घेतला.

"शिवराज," तो वर बघून म्हणाला. "थांब. पुढं पाय टाकू नको."

करकर थांबली.

"बुडबुडा नसतो रे. कुठंच मिळत नाय. मी चेष्टा केली. मीच पाठवलं तुला, मीच म्हणलो परत येऊ नको. तुझी काय बी चूक नाय. हे मी सरांसमोर सांगतोय, लिहून देतोय. शिवराज, ये आता. माघारी ये."

लई वेळ काहीच नाय.

मग शिडीची वरची पायरी वाजली.

मग दुसरी... तिसरी. अठरा पायऱ्या. शिडीवर कोणी नाय. खालची लाल-पांढरी पट्टी एकदा हलली, कोणी वाकून खालून निघावं तशी.

वर पत्रा आणखी एकदा करकरला. ऊन तापलं की पत्रा वाजतो, असं बिभीषण मनाला म्हणाला.

तेवढ्यात बिभीषणच्या खिशातला मोबाईल वाजला. म्हाळसाबाई. रडत होती.

"दादा, डोळं उघडलं ओ त्यानं. पाणी मागायलाय."

फॉर्मवरची टाईप केलेली ओळ इंद्रजीत सरांनी खोडली. बिभीषणनं तिथं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'माझ्या सांगण्यावरून.' दोन महिने त्याला घरी बसवलं. कारभारी आजही त्याच्याशी बोलत नाय.

गोष्ट इथं संपली असती तर मीही शांत झोपलो असतो.

मे महिन्यात बिभीषण कन्नडला गेला, शिवराजला भेटायला. मी सोबत होतो. पोरगं काठी टेकत अंगणात आलं. बिभीषणनं हात जोडले. शिवराजनं ते धरून खाली केले.

"तुमी हाक मारली, मी निघालो दादा. पण तो नाय आला."

"तो कोण?"

"निळी टोपीवाला. माझ्या आधीपासून शोधतोय. सोमवारी त्यानंच वाट दाखवली मला, माळ्यावर असंल म्हणला. हाक आली तव्हा म्या म्हणलं, चल, आपल्याला बोलवायलेत. तर म्हणला..."

"काय म्हणला?"

"म्हणला, हाक तुझी हाय. माझं नाव नाय घेतलं त्यांनी."

बिभीषण तिथंच ओट्यावर बसला.

परत येताना गाडीत त्यानं सांगितलं. बारा-तेरा वर्षं झाली. एक ट्रेनी होता. टोपी त्याला मोठी व्हायची. दुपारी बुडबुडा आणायला पाठवला, तो परत आलाच नाय. सगळे म्हणाले, लाजला आणि गावाला पळाला. हजेरीत लाल शाईनं लिहिलं, 'पळाला.' आठवडाभर हसले सगळे.

पुढं एकदा गेटवर एक म्हातारा आला होता. हातात पिशवी, पिशवीत भाकरी बांधलेली. वॉचमन म्हणाला, तुमचं पोरगं पळालं. म्हातारा पिशवी घेऊन तसाच माघारी गेला.

"नाव काय होतं त्याचं?" मी विचारलं.



"आम्ही त्याला निळी टोपीच म्हणायचो."

इंद्रजीत सरांनी जुना स्टोअर रिकामा करून बघितला. मागं एक बुजवलेला हौद निघाला. कधी बुजवला, कोणालाच माहीत नाय. तो उघडायला अर्ज पाहिजे, आणि अर्जावर पहिलीच ओळ आहे, 'अपघातग्रस्ताचे नाव.' त्या वर्षीची हजेरी वाळवीनं खाल्लीय. ती ओळ अजून कोरी आहे.

बिभीषण आता दर शुक्रवारी जुन्या स्टोअरात जातो. खाली उभा राहतो आणि आठवतील ती नावं घेतो. भारत, सुदर्शन, पुंजाराम, कडुबा... शिडी वाजत नाय.

परवा तो दुकानात आला. लेव्हल काढून माझ्या काचेच्या काउंटरवर ठेवली. मला वाटलं, नवीन चेष्टा. मी स्वतः पट्टी उलटी फिरवली. चार वेळा फिरवली.

बुडबुडा चारही वेळा पश्चिमेला गेला. गुलमंडीतून वाळूज पश्चिमेला आहे.

आणि कारभाऱ्याच्या खिडकीवर अजून अधूनमधून कोणीतरी येतं म्हणे. आता तो मान वर करत नाय.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या गावातलं कोणाचं पोरगं बारा-तेरा वर्षांमागं वाळूजला ट्रेनिंगला गेलं असंल, आणि कंपनीनं पळालं म्हणून सांगितलं असंल... तर बाकी काही सांगू नका.

फक्त त्याचं नाव सांगा.